गुडघ्याचा पट्टा नेमकं काय करतो?

गुडघा कुरकुरायला लागला की घरात सगळ्यात आधी येते ती नी कॅप. मोज्यासारखी ताणून वर ओढायची आणि कामाला लागायचं. चार दिवस बरं वाटतं. मग ती घामेजते, घसरते, गुडघ्याच्या मागे तिची वळकटी होते आणि ती कपाटाच्या खणात जाऊन पडते. ‘पट्ट्यांनी काही होत नाही’ हे मत बहुतेक वेळा त्या खणाशीच तयार होतं. मला ते घाईचं वाटतं. पट्टे अनेक प्रकारचे असतात आणि झीजही प्रत्येकाच्या गुडघ्यात एकाच जागी होत नाही. झीज कुठे आहे आणि पट्टा कुठला आहे, याची गाठ पडली तरच त्याचा खरा उपयोग कळतो.

गुडघ्यात तीन कप्पे असतात. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड आतल्या, म्हणजे दुसऱ्या गुडघ्याकडच्या, बाजूला एके ठिकाणी टेकतात आणि बाहेरच्या बाजूला दुसऱ्या ठिकाणी. तिसरा कप्पा वाटीच्या मागे, जिथे वाटी मांडीच्या हाडावरून वरखाली सरकते. तिन्ही ठिकाणी हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचं अस्तर असतं. सपाट जमिनीवर साधं चालतानाही गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो, जिना उतरताना तो साडेतीन पटीच्या आसपास जातो. हे आकडे केवळ गणितातून आलेले नाहीत. बर्लिनमधल्या शारिटे रुग्णालयातल्या संशोधकांनी कृत्रिम गुडघ्यांमध्ये भार मोजणारी उपकरणं बसवली आणि माणसं चालत असताना आतला भार थेट मोजला. म्हणजे 70 किलोच्या माणसाच्या गुडघ्यातून प्रत्येक पावलाला पावणेदोनशे किलोंच्या आसपास भार जातो. पाय उचलायला आणि सावरायला स्नायू हाडांना एकमेकांकडे ओढतात, त्या ओढीची भर वजनात पडते.

हा भार तिन्ही कप्प्यांत सारखा वाटला जात नाही. चालताना एका पायावर उभे असतो तेव्हा जमिनीकडून येणारा रेटा गुडघ्याच्या मध्यापासून थोडा आतल्या बाजूने जातो. त्यामुळे साधारण 60 ते 70 टक्के भार एकट्या आतल्या कप्प्यावर पडतो. झीजही बहुधा तिथेच सुरू होते. आतलं अस्तर पातळ झालं की पाय किंचित बाहेरच्या बाजूला कमानीसारखा वाकतो, फेंगडा होऊ लागतो. पाय वाकला की रेटा आणखी आत सरकतो आणि त्याच जागेवर आणखी भार येतो.

गंमत म्हणजे कूर्चेत मज्जातंतू नसतात, म्हणून झिजणारी कूर्चा स्वतः दुखत नाही. दुखतं ते तिच्याखालचं हाड, सांध्याचं आतलं सुजलेलं आवरण, ताणलेले बंध आणि सतत आखडून राहणारे स्नायू. म्हणूनच एक्स-रेमध्ये बरीच झीज असूनही कुणी आरामात चालतो, तर थोड्याशा झिजेनेही कुणी रात्री कळवळतो. आणि म्हणूनच कूर्चा परत न आणताही पट्टा वेदना कमी करू शकतो.

आतल्या कप्प्याचा भार हलका करणाऱ्या पट्ट्याला ‘अनलोडर ब्रेस’ म्हणतात. तो नी कॅपपेक्षा अगदी वेगळा दिसतो. मांडीला एक कवच, पोटरीला एक कवच आणि दोन्ही जोडणारी बिजागरी. काठी वाकवायची असेल तर आपण तिची दोन्ही टोकं हातांत धरतो आणि मध्ये गुडघा लावून रेटतो. इथेही तीन जागी जोर असतो. मांडी आणि पोटरीला एका बाजूने आधार मिळतो आणि गुडघ्याजवळ बाहेरून आत हलका रेटा बसतो. कमानीसारखा वाकलेला पाय त्यामुळे थोडा सरळ व्हायला बघतो आणि आतल्या कप्प्यावरचा काही भार बाहेरच्या कप्प्याकडे जातो. बर्लिनच्या त्याच मापनांत असे पट्टे घालून पाहिले, तेव्हा पट्ट्याचा कोन, म्हणजे पाय सरळ करायला बिजागरीला दिलेला कल, वाढवला तसा आतल्या कप्प्यावरचा भार कमी होत गेला. अडचण अशी की कोन जास्त वाढवला तर तो पट्टा दिवसभर अंगावर ठेवणं कठीण जातं.

पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात त्याच माणसांना तोच पट्टा दोन प्रकारे लावून पाहिला. एकदा बाजूचा रेटा देऊन, एकदा रेटा न देता. रेटा नसतानाही वेदना कमी झाली आणि गुडघा स्थिर वाटला. स्नायूंची मोजणी केल्यावर कारण दिसलं. दुखरा गुडघा डळमळतो, म्हणून मांडीचे पुढचे आणि मागचे स्नायू त्याला सावरायला एकाच वेळी आवळले जातात आणि त्या आवळण्याने सांधा आणखी दाबला जातो. पट्ट्याचा आधार मिळाला की स्नायू सैल सोडतात. अभ्यास लहान होता, सोळा जणांचा, पण पट्ट्याकडे बघण्याची माझी नजर त्याने बदलली. भार सरकवण्याइतकंच स्नायूंना निश्चिंत करणं हेही पट्ट्याचं काम आहे.

साधी नी कॅप कुठे बसते? ती भार उचलत नाही. ती गुडघ्याला ऊब देते आणि त्वचेवर सतत हलका स्पर्श ठेवते. त्या स्पर्शामुळे गुडघा कुठे आहे, किती वाकला आहे, याची मेंदूला अधिक नेमकी खबर मिळते. 1999 साली कॅनडातल्या 119 रुग्णांच्या अभ्यासात तीन गट केले होते. एकाला फक्त औषधं, दुसऱ्याला नी कॅपसारखा पट्टा, तिसऱ्याला अनलोडर. सहा महिन्यांनी नी कॅपवाले औषधवाल्यांपेक्षा बरे होते आणि अनलोडरवाले त्यांच्याहीपेक्षा.

दुखणं वाटीमागे असेल, म्हणजे जिना उतरताना किंवा बराच वेळ बसून उठताना पुढून कळ येत असेल, तर वाटी जागेवर धरणारा पट्टा लागतो. मँचेस्टरमध्ये 126 रुग्णांवर सहा आठवडे असा पट्टा वापरून पाहिला. वेदना कमी झालीच, शिवाय एमआरआयमध्ये वाटीच्या कप्प्यातल्या हाडाच्या आतली दुखरी सूज लहान झालेली दिसली. बाकीच्या गुडघ्यात तसा बदल झाला नव्हता. पट्टा जिथे काम करतो तिथेच फरक दिसला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

2025 मध्ये चीनमधल्या संशोधकांनी औषधाविना होणाऱ्या बारा उपचारांची तुलना केली, 139 चाचण्या आणि सुमारे दहा हजार रुग्ण एकत्र करून. पट्टे, पाण्यातले व्यायाम आणि जमिनीवरचे व्यायाम वरच्या क्रमांकांवर आले. मूळ चाचण्यांपैकी बऱ्याच लहान होत्या, त्यामुळे क्रमांकाला फार चिकटू नये. तज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वंही एका सुरात बोलत नाहीत. अमेरिकेतली संधिवाततज्ज्ञांची संस्था, वेदनेमुळे किंवा डळमळण्यामुळे चालणं बरंच अडत असेल तर पट्ट्याची ठामपणे शिफारस करते. ब्रिटनची 2022 ची तत्त्वं मात्र सरसकट सगळ्यांना पट्टा देऊ नका असं सांगतात. सांधा अस्थिर असेल किंवा भार चुकीच्या जागी पडत असेल, पट्ट्याशिवाय व्यायामाचा उपयोग होत नसेल आणि पट्ट्याने हालचाल सुधारण्याची शक्यता असेल, तरच द्या, असं त्यांचं म्हणणं. मला ही ब्रिटिश अट पटते, कारण ती पट्ट्याला व्यायामाच्या हाताशी ठेवते. गुडघा दुखतो म्हणून माणूस चालत नाही, चालत नाही म्हणून मांडी अशक्त होते, मांडी अशक्त झाली की गुडघा जास्त दुखतो. पट्टा घालून रोज अर्धा तास चालता येत असेल, तर हे चक्र उलटं फिरवायची सोय झाली.

पट्ट्याने स्नायू दुबळे होतात ही भीती खूप जणांना असते. मँचेस्टरच्या गटाने तेही तपासलं. लवचीक पट्टा काही आठवडे वापरल्यावर मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद घटली नव्हती.

सगळ्यात जास्त पट्टे हरतात ते मापात. नेदरलँड्समधल्या एका चाचणीत बऱ्याच जणांनी पट्टा मध्येच सोडला, तेव्हा त्वचेला त्रास होतो, नीट बसत नाही अशा तक्रारी होत्या. मांडी वर रुंद आणि खाली निमुळती असते, म्हणून कुठलाही पट्टा घसरायला टपलेला असतो. अंदाजाने ‘मध्यम’ घेऊ नये. टेपने मांडी आणि पोटरीचा घेर मोजावा, कुठे मोजायचा ते त्या पट्ट्याच्या तक्त्यात दिलेलं असतं. बिजागरीचा पट्टा लावताना खुर्चीच्या कडेवर बसा, गुडघा वाकलेला ठेवा आणि बिजागरीचा मध्य वाटीच्या मध्याच्या रेषेत आणा. बहुतेक पट्ट्यांत आधी पोटरीचा बंद आवळतात, कारण पोटरीच्या फुगवट्यावर पट्टा टेकून राहतो. मग मांडीचा. उभं राहून दहा पावलं चाला आणि बंद पुन्हा एकदा तपासा. बिजागरी बोटभर खाली आली असेल तर सगळं सोडून नव्याने लावा. नुसता वर ओढलेला पट्टा पुन्हा तिथेच येतो.

पहिल्या दिवशी तासाभरापेक्षा जास्त नको, मग हळूहळू वेळ वाढवा. पायात रक्ताची गुठळी झालेली असेल, रक्तपुरवठा कमी असेल, मधुमेहामुळे पायाची संवेदना गेली असेल किंवा त्वचेवर जखम असेल, तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पट्टा बांधू नये. बधिर पायाला घट्ट बंद टोचतो आहे हे कळतच नाही. झोपताना तो काढून ठेवा आणि काढल्यावर त्वचा न्याहाळा. बंदांचे लालसर वळ अर्ध्या तासात मावळले तर ठीक. तसेच राहिले, पोटरी सुजली किंवा पायाला मुंग्या आल्या, तर दुसऱ्या दिवशी पट्टा घालण्याआधी फिजिओथेरपिस्टकडून त्याचं माप पुन्हा तपासून घ्या.