हायस्पीड कॅमेऱ्याची शून्य फ्रेम: वेळेच्या पडताळणीची पार्श्वभूमी

नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत सर्किट ब्रेकर, प्रेस किंवा पॅकिंग मशीनवर हायस्पीड कॅमेरा लावतात तो बहुधा एकाच भांडणाचा निकाल लावायला: आधी काय घडलं? सेकंदाला 10,000 फ्रेम घेतल्या तर दोन फ्रेममध्ये 100 मायक्रोसेकंद. पण फ्रेमवर छापलेली वेळ खरी कशावरून? ही शंका डिजिटल कॅमेऱ्याहून फार जुनी आहे.

1878 मध्ये कॅलिफोर्नियात छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिज यांनी धावत्या घोड्याचे फोटो घ्यायला धावपट्टीलगत 12 कॅमेरे मांडून आडवे दोरे बांधले. घोड्याने दोरा ताणला की सर्किट पूर्ण होऊन शटर सुटायचं. घटनेनेच कॅमेरा चालवायचा, ही युक्ती तिथे रुळली, आणि तिचा दोषही तिथेच दिसला. दोऱ्यांमधलं अंतर सारखं, पण घोड्याचा वेग सारखा नाही. मग चित्रांमधला वेळ सारखा कसा असेल? पुढे पेनसिल्व्हेनियात त्यांनी शटर ठरावीक कालांतराने सोडले आणि त्यांची नोंद ट्यूनिंग फोर्कच्या, म्हणजे ठरावीक गतीने कंपणाऱ्या काट्याच्या, कंपनांशी ताडली. कॅमेऱ्याची वेळ कॅमेऱ्यालाच विचारायची नाही, हा या कामातला मूळ नियम.

फ्लॅश-छायाचित्रणाचे अमेरिकी अभियंते हॅरल्ड एजर्टन यांनी गोळीचे फोटो घेताना बंदुकीचा आवाज मायक्रोफोनने पकडून फ्लॅश उडवला. मायक्रोफोन पुढे-मागे सरकवला की विलंब बदलतो. सोपं आणि स्वस्त. मात्र आवाजाचा वेग तापमानावर ठरतो. नाशिकला जानेवारीच्या पहाटे 10 अंशांना तो सेकंदाला सुमारे 337 मीटर, तर एप्रिलच्या दुपारी 40 अंशांना 355. म्हणजे एक मीटरवरच्या मायक्रोफोनमागे 0.15 मिलिसेकंदाचा फरक, 10,000 च्या वेगाला दीड फ्रेम. थंडीत जुळवलेली मांडणी उन्हाळ्यात चुकते ती अशी.

फिल्मच्या काळात तर गाडी उलटी होती. फिरत्या प्रिझमच्या कॅमेऱ्यात 16 मिलिमीटरची 100 फुटी रीळ, म्हणजे 4,000 फ्रेम, सेकंदभरात संपायची, आणि त्यातला मोठा भाग वेग पकडण्यातच जायचा. कॅमेऱ्याने घटनेची वाट पाहणं शक्यच नव्हतं; ठरावीक फूट फिल्म सरकली की कॅमेराच स्फोट किंवा स्विच सोडायचा. वेग सतत बदलत असल्याने फ्रेम मोजून वेळ काढता येत नसे. म्हणून फिल्मच्या कडेला छोटा निऑन दिवा, बाहेरच्या ऑसिलेटरवरून (ठरावीक गतीने स्पंदनं देणाऱ्या सर्किटवरून) दर मिलिसेकंदाला एक ठिपका उमटवणारा. दोन ठिपक्यांमधल्या फ्रेम मोजल्या की त्या जागेचा खरा वेग हाती. आमच्या मते पडताळणीची इतकी प्रामाणिक पद्धत नंतर क्वचितच झाली.

डिजिटल मेमरी आली आणि कॅमेरा सतत चित्रं घेऊन जुनी पुसू लागला. ट्रिगर, म्हणजे घटना घडल्याचा इशारा, मिळाला की ठरलेल्या फ्रेम आणखी घेऊन थांबायचं. घटनेच्या आधीचं दृश्यही मिळालं. सोय मोठी, पण चुका आता दिसेनाशा झाल्या. ट्रिगर दोन फ्रेमच्या मध्ये आला तर अनेक कॅमेरे त्याची नोंद पुढच्या फ्रेमवर करतात; तीच शून्य फ्रेम. एका फ्रेमची अनिश्चितता तिथेच आली. इनपुटवर गोंगाट गाळणारा फिल्टर असेल तर तो स्वतःचा विलंब घालतो. ऑप्टोकपलरला (सिग्नल प्रकाशाने पलीकडे पोचवणाऱ्या भागाला) सिग्नलची चढती आणि उतरती कड सारख्या वेळात ओलांडता येत नाही. ट्रिगर रिलेच्या (विजेवर चालणाऱ्या स्विचच्या) संपर्कातून घेतला तर मिलिसेकंदांचं थरथरणं. लोक संशय घेतात तो लांब केबलवर, आणि ती बिचारी मीटरमागे जेमतेम 5 नॅनोसेकंद घेते.

म्हणून आजची तपासणीही निऑनच्याच वाटेने जाते. दोन चॅनेलचा सिग्नल जनरेटर घ्यावा: एक पल्स ट्रिगरला, दुसरा कॅमेऱ्यासमोरच्या लाल एलईडीला, आणि कॅमेऱ्याचा एक्स्पोजर-आउट सिग्नल (शटर उघडं असताना मिळणारा) ऑसिलोस्कोपवर. एलईडी जनरेटरच्या पल्सवरच पेटवावा. 230 व्होल्टवर चालणारा तयार दिवा घेतला तर त्याचा ड्रायव्हर उशीर करतो. पल्स एक्स्पोजरपेक्षा बरीच छोटी ठेवून विलंब फ्रेमच्या दहाव्या भागाने वाढवत न्यावा. उजेड एका फ्रेममधून पुढच्या फ्रेममध्ये उडी मारतो तो आकडा टिपावा. एका फ्रेमपेक्षा बारीक चूक अशीच सापडते. दोन्ही फ्रेम काळ्या राहिल्या तर पल्स शटर बंद असतानाच्या फटीत पडली, कॅमेऱ्यात बिघाड नाही. एकाच मोजणीवर थांबू नये: सरासरी विलंब वजा करता येतो, त्याची डळमळ नाही.

लांब चित्रणात घड्याळाची सरक वेगळी मोजावी लागते. 20 पीपीएम (दहा लाखांत 20 भाग) चुकणारा घड्याळाचा क्रिस्टल 10 सेकंदांत 200 मायक्रोसेकंद भरकटतो, म्हणजे 10,000 च्या वेगाला दोन फ्रेम. दोन कॅमेरे जोडायचे असतील तर जीपीएसची सेकंदाची पल्स किंवा आयरिग-बी (वेळ सांगणारा प्रमाणित सिग्नल) दोघांना द्यावी, आणि छापलेली वेळ एक्स्पोजरच्या सुरुवातीची, मध्याची की शेवटाची, हे दोघांच्या मॅन्युअलमध्ये आधी बघून घ्यावं.