भ्रूणातील मायटोकॉन्ड्रिया मोजून काय कळते?

आयव्हीएफच्या प्रयोगशाळेत पाचव्या दिवशी भ्रूणतज्ज्ञापुढे पुष्कळदा एक पेच उभा राहतो. दोन-तीन भ्रूणे सूक्ष्मदर्शकाखाली सारखीच सुदृढ दिसतात, त्यांची गुणसूत्रेही तपासणीत निर्दोष ठरलेली असतात, आणि तरीही त्यांतले एखादेच गर्भाशयात रुजते. हा फरक आधीच ओळखता यावा म्हणून संशोधक ज्या खुणेकडे वळले, ती म्हणजे मायटोकॉन्ड्रियांचा डीएनए.

पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या या कणिकांचा स्वतःचा, वर्तुळाकार डीएनए असतो. त्यात रासायनिक अक्षरांच्या अवघ्या 16,569 जोड्या आणि 37 जनुके असली, तरी त्याच्या प्रती अफाट असतात. परिपक्व अंडपेशीत त्या लाखाच्या पुढे जातात. शुक्राणूबरोबर आलेल्या मोजक्या मायटोकॉन्ड्रिया फलनानंतर नष्ट केल्या जातात, त्यामुळे हा वारसा आईकडूनच येतो. महत्त्वाची गोष्ट अशी, की फलनापासून ब्लास्टोसिस्ट अवस्थेपर्यंत, म्हणजे पाचव्या-सहाव्या दिवसाच्या भ्रूणापर्यंत, या डीएनएच्या नव्या प्रती जवळजवळ तयारच होत नाहीत. पेशी वाढत जातात आणि आईने बांधून दिलेली शिदोरीच त्यांच्यात वाटली जाते.

मग ज्या भ्रूणात प्रती अधिक ते भ्रूण सशक्त, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात 2015 साली ऑक्सफर्डमधील संशोधकांना उलटेच आढळले. वय अधिक असलेल्या स्त्रियांच्या, गुणसूत्रदोष असलेल्या आणि न रुजलेल्या ब्लास्टोसिस्टमध्ये प्रतींचे प्रमाण जास्त होते. ब्रिटिश शास्त्रज्ञ हेन्री लीस यांनी 2002 मध्ये मांडलेल्या ‘शांत भ्रूणा’च्या कल्पनेशी हे जुळत होते: निरोगी भ्रूणाचा चयापचय संथ असतो, तर ताणाखालील भ्रूण दुरुस्तीपायी अधिक ऊर्जा खर्च करते. स्पष्टीकरण आकर्षक होते, कदाचित जरा जास्तच सोयीचे. लवकरच ही मोजणी व्यावसायिक चाचणी म्हणून विकलीही जाऊ लागली.

खरी मेख होती मोजणीतच. नमुना म्हणून घेतल्या जातात त्या ब्लास्टोसिस्टच्या बाहेरच्या थरातील, म्हणजे पुढे वार (प्लॅसेंटा) बनवणाऱ्या, पाच-दहा पेशी. त्यांची नेमकी संख्या ठाऊक नसल्याने मायटोकॉन्ड्रियांच्या डीएनएची तुलना केंद्रकातील डीएनएशी केली जाते. पण हा भाजकही स्थिर नसतो. पुरुषभ्रूणात एका एक्सच्या जागी आखूड वाय असल्यामुळे केंद्रकातील डीएनए किंचित कमी भरतो, आणि एखादे गुणसूत्र जास्त असल्यास तो वाढतो. शिवाय ठराविक साठा जितक्या अधिक पेशींत वाटला जाईल, तितका प्रत्येकीचा वाटा घटतो. म्हणजे नमुना पाचव्या दिवशी घेतला की सहाव्या, यानेही आकडा बदलू शकतो. अमेरिकेतील एका गटाने 2017 मध्ये 1,300 हून अधिक भ्रूणांच्या मोजणीत केंद्रकातील डीएनएच्या या फरकांची दुरुस्ती केली, तेव्हा वय, गुणसूत्रदोष आणि रुजण्याची क्षमता यांच्याशी असलेले नाते जवळपास नाहीसेच झाले. माझ्या मते एवढ्यावरून तरी, केवळ या आकड्यावर विसंबून भ्रूण मागे ठेवणे समर्थनीय नाही.

मोजण्याऐवजी भर घालण्याचेही प्रयत्न झाले. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये भ्रूणतज्ज्ञ जॅक कोहेन यांच्या गटाने 1997 साली दात्या स्त्रीच्या अंडपेशीतील थोडा पेशीद्रव आईच्या अंडपेशीत टोचून बाळ जन्माला आणले. काही मुलांत दोन्ही स्त्रियांचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए आढळला, आणि 2001 मध्ये अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने विनापरवानगी असे उपचार थांबवण्यास सांगितले. पुढे स्त्रीच्याच अंडाशयातील पेशींमधून मायटोकॉन्ड्रिया काढून तिच्या अंडपेशीत सोडण्याची पद्धत आली. स्पेनमधील चाचणीत एकाच स्त्रीच्या अंडपेशींचे दोन गट करून ती पडताळली गेली. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत भ्रूणांचा दर्जा सुधारल्याचे दिसले नाही.

मायटोकॉन्ड्रिया जवळपास पूर्णपणे बदलण्याचे, म्हणजे आईची केंद्रकातील गुणसूत्रे दात्या स्त्रीच्या अंडपेशीत बसवण्याचे, तंत्र मात्र निराळे. ब्रिटनमधील न्यूकॅसलमध्ये ते आनुवंशिक आजार टाळण्यासाठी वापरले जाते, आणि तिथे जन्मलेल्या आठ बाळांची माहिती 2025 मध्ये प्रसिद्ध झाली. ग्रीसमधील चाचणीत याच तंत्राचे उद्दिष्ट वंध्यत्वावर मात करण्याचे होते. तेथे जन्मलेल्या सहा मुलांपैकी एकात, भ्रूणावस्थेत एक टक्क्याहून कमी असलेला आईचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए जन्माच्या वेळी 30 ते 60 टक्क्यांपर्यंत वाढलेला आढळला. त्या आईला मायटोकॉन्ड्रियाचा आजार नसल्याने बाळाला त्यापासून धोका नव्हता. आजार टाळण्यासाठी हे तंत्र वापरताना मात्र अशा वाढीकडे दुर्लक्ष करता येणार नाही.