वॉटर फ्लॉसर घेण्याआधी बेसिनशेजारची जागा बघा

तांबडा-पांढरा ओरपून झाला की मटणाचा एखादा धागा दाढेच्या फटीत अडकतोच. पण धागा निघाला म्हणजे काम झालं असं नाही. दोन दातांच्या मध्ये आणि हिरडीच्या कडेला जिवाणूंचा चिकट थर साचतो, ब्रशचे केस तिथे नीट पोचत नाहीत आणि हिरड्या सुजायला सुरुवात तिथूनच होते. वॉटर फ्लॉसर, म्हणजे पाण्याच्या बारीक धारेने दातांच्या फटी धुणारं यंत्र, या जागेसाठी आहे. १९६२ साली अमेरिकेतल्या फोर्ट कॉलिन्समध्ये एक दंतवैद्य आणि एक हायड्रॉलिक इंजिनिअर यांनी मिळून तो तयार केला.

आतली मोटर एक छोटा दट्ट्या मागेपुढे करते. त्यामुळे पाणी सलग न येता मिनिटाला साधारण १२०० ते १४०० ठोक्यांनी येतं. ठोक्याला हिरडीची कड दबते, पुढच्या क्षणी सुटते आणि खालची घाण पाण्याबरोबर बाहेर येते. म्हणून नुसत्या जोरावर भाळू नका. खोक्यावर ‘पीएसआय’, म्हणजे पाण्याच्या दाबाचा आकडा, मोठ्या अक्षरात छापलेला असतो, पण रोजच्या वापरात फरक पडतो तो टाकीमुळे.

बेसिनशेजारी ठेवायच्या, म्हणजे काउंटरटॉप यंत्राची टाकी साधारण ६०० मिली ते एक लिटरची असते. बॅटरीवर चालणाऱ्या, हातात धरायच्या कॉर्डलेसची बहुधा १५० ते ३०० मिली. मिनिटाला ३०० मिली पाणी लागतं असं धरलं, तर २०० मिलीची टाकी ४० सेकंदांत संपते. पूर्ण तोंडाला मिनिट-दीड मिनिट लागतं. मग खालची दाढ करायची राहते, पुन्हा टाकी भरायचा कंटाळा येतो आणि नेमकी तीच बाजू रोज सुटते. कॉर्डलेस घ्यायचाच असेल तर ३०० मिलीच्या आसपासचा घ्या. टाकी उघडून आतली नळीही पाहा. नळीच्या टोकाला वजन असेल तर यंत्र तिरकं धरलं तरी टोक पाण्यात राहतं. नळी ताठ असेल तर पाणी शिल्लक असूनही ती हवा ओढते आणि धार तुटते.

आता घराचं. पेठेतल्या जुन्या घरात बेसिन बऱ्याचदा पडवीत किंवा मोरीच्या तोंडाशी असतं, शेजारी ना कट्टा ना प्लग. तिथे एक्स्टेंशन बोर्ड ओढून काउंटरटॉप लावू नका. ओल्या हातांजवळ २३० व्होल्ट आणणं धोक्याचं आहे. अशा घरात, किंवा शिवाजी विद्यापीठाच्या हॉस्टेलवर, कॉर्डलेसच बरा. तो ‘आयपीएक्स ७’ दर्जाचा, म्हणजे थोडा वेळ पाण्यात बुडाला तरी टिकणारा असावा, आणि चार्जिंगच्या तोंडावरचं रबरी झाकण घट्ट बसतं का ते तपासा. पाणी शिरून यंत्र बंद पडतं ते बहुधा तिथूनच. बेसिनशेजारी कट्टा आणि प्लग असेल, घरात दोघं-तिघं वापरणार असतील, किंवा दातांना तारा, ब्रिज, इम्प्लांट असतील, तर आमचं मत सरळ काउंटरटॉपला. दाब कमी-जास्त करायला त्यात जास्त वाव असतो, शिवाय बॅटरी म्हातारी होण्याची भानगड नाही. नातेवाईक अमेरिकेहून आणून देणार असतील तर मागची पट्टी वाचा. नुसतं १२० व्होल्ट लिहिलेलं यंत्र इथल्या विजेवर जळतं.

वापरताना पाणी कोमट घ्या आणि दाब सगळ्यात कमी ठेवा. बेसिनवर वाका, नोझल तोंडात घाला आणि मगच बटण दाबा. नाहीतर आरसा भिजलाच म्हणून समजा. ओठ थोडे उघडे ठेवले की पाणी खाली ओघळतं. धार हिरडीच्या कडेला काटकोनात धरा, मागच्या दाढेपासून पुढे या आणि प्रत्येक फटीपाशी क्षणभर थांबा. पहिले काही दिवस थोडं रक्त दिसू शकतं. दोन आठवड्यांनंतरही थांबलं नाही तर दंतवैद्याकडे जा. दगडासारखं घट्ट झालेलं किटण या धारेने निघत नाही, ते दवाखान्यातच काढावं लागतं. ब्रशही चुकवायचा नाही. नुकताच दात काढला असेल किंवा हृदयाची झडप बदललेली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे यंत्र वापरू नका.

बोअरचं पाणी जड असेल तर नोझलच्या बारीक भोकात क्षार बसतात आणि धार वाकडी जाते. दोन-तीन महिन्यांनी अर्धा लिटर कोमट पाण्यात तीन-चार चमचे पांढरा व्हिनेगर घालून यंत्र चालवा, मग साध्या पाण्याची एक टाकी सोडा. मिठाचं पाणी भरू नका, न विरघळलेले कण आत अडकतात. रोज वापर झाला की टाकी रिकामी करून उघडी वाळू द्या. साधं नोझल साधारण सहा महिन्यांनी बदलायचं असतं, म्हणून सुटी नोझल कोल्हापुरात मिळतात का ते यंत्र घेण्याआधीच दुकानदाराला विचारून ठेवा.