आजीचा ड्रेस आणि चीनमधला इंग्लिशचा पेपर

अमेरिकेतल्या एका लग्नाचं वर्णन करणारं पत्र आहे. नवरीचं नाव पॅम, ती आपल्या आजीचा लग्नातला ड्रेस घालते, सॅटिनवर लेस, मोठ्या फुगाबाह्या, आणि पत्रात लिहिलंय की पोरगी काय गोड दिसत होती. हे पत्र एका प्रयोगात अमेरिकेत राहणाऱ्या काही भारतीयांना वाचायला दिलं, सगळे व्यवस्थित इंग्लिश येणारे, आणि मग विचारलं की आता काय आठवतंय ते सांगा. तर एकाने सांगितलं, दिसत होती तशी ठीक, पण ड्रेस फारच जुना होता, फॅशन गेलेला.

आता याला इंग्लिश येत नव्हतं का? येत होतं. ड्रेस, आजी, सॅटिन सगळं कळलं होतं. फक्त तिकडे नवरीच्या अंगावर काहीतरी जुनं आणि काहीतरी उसनं असणं शुभ मानतात हे त्याच्या डोक्यात नव्हतं, आणि आपल्याकडे नवरी उसनं नेसून उभी राहिली तर आत्या-मावश्या पुढची दहा वर्षं बोलतील हे मात्र पक्कं होतं. (हल्ली आजीची पैठणी नेसायची फॅशन आलीय ते सोडा.) उलट बाजूलाही तेच झालं. भारतीय लग्नाच्या पत्रात हुंड्याचा विषय होता, सासरचे ऐनवेळी स्कूटर मागतात की काय अशी मुलीच्या आईबापांना धाकधूक, आपल्याला हे एका वाक्यात आरपार कळतं, पण अमेरिकन वाचकांच्या आठवणीत हुंड्याची झाली भेटवस्तूंची देवाणघेवाण. दोन्ही गटांनी आपापल्याकडच्या लग्नाचं पत्र भराभर वाचलं आणि त्यातलं जास्त लक्षात ठेवलं. प्रयोग छापून आला १९७९ साली, करणाऱ्या तिघांत एक चित्रा जोग-देव होत्या, आडनाव वाचून आपल्या कुणाचं तरी लक्ष जाईलच.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे, शब्द कळले म्हणजे मजकूर कळला असं नाही, मग माणूस समोर नसताना त्याला काय कळलं हे तपासायचं कसं? हा प्रश्न चीनमध्ये फार मोठा आहे, कारण त्याच १९७९ च्या फेब्रुवारीत चीनमध्ये टीव्हीवरून चालणारं एक अख्खं विद्यापीठ सुरू झालं. त्याआधी माओच्या सांस्कृतिक क्रांतीत कॉलेजं बंद, प्रवेश परीक्षा बंद, एक पिढीच्या पिढी शेतावर आणि कारखान्यात. १९७७ च्या डिसेंबरमध्ये प्रवेश परीक्षा, म्हणजे गाओखाओ, परत घेतली तेव्हा ५७ लाख लोक बसले आणि जागा होत्या जेमतेम २ लाख ७० हजार. मग उरलेल्यांचं काय? त्यातल्या पुष्कळांसाठी उत्तर होतं टीव्ही आणि रेडिओ. हेच विद्यापीठ २०१२ मध्ये चीनचं मुक्त विद्यापीठ झालं. मधे १९९९ पासून नेहमीच्या मोठ्या विद्यापीठांनीही ऑनलाइन कोर्स काढले, ६८ विद्यापीठं झाली अशी, आणि २००४ च्या मार्चपासून जे ऑनलाइन पदवीला भरती झाले त्यांना देशभर एकच असलेली परीक्षा लागू झाली, थोंगखाओ, त्यात इंग्लिश आलंच. पास झालं नाही तर पदवीची सरकारी नोंद व्हायची नाही. चाळिशी उलटल्यावर प्रवेश घेतलेल्यांना मात्र इंग्लिश माफ (मुख्य विषय इंग्लिश नसेल तर), चाळीस वर्षांचा माणूस काय आता शिकणार असं कुणीतरी मनातल्या मनात ठरवलं असणार, मला ते थोडं लागलंच.

तर पेपर देणारा माणूस कोण, हे डोळ्यापुढे आणा. कुठल्यातरी तालुक्याच्या गावात बँकेत नाहीतर कारखान्यात नोकरी, शाळा सुटून दहा वर्षं झालेली, शाळेतलं इंग्लिश निम्मं विसरलेलं, रात्री पोरं झोपल्यावर फोनवर धडा. याला इंग्लिश उतारा वाचून कळतो की नाही हे तपासायचंय, आणि तपासणारा मास्तर हजार किलोमीटर लांब. वर्गात मास्तर उतारा वाचताना पोरांच्या चेहऱ्याकडे बघतो, भुवया वर गेल्या की थांबतो, परत सांगतो. इथे मास्तरला दिसते फक्त कुठल्या पर्यायापुढे टिक केलीय ती. त्या एका टिकवरून त्याला सगळं ओळखायचंय.

आणि वाचन कळणं ही गोष्ट मुळात एक नाहीच. गफ आणि टनमर या दोन अभ्यासकांनी १९८६ मध्ये साधा हिशेब मांडला, की वाचन कळणं म्हणजे अक्षरांवरून शब्द ओळखता येणं गुणिले ती भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य असेल तर उत्तर शून्य. रोमन अक्षरं घडाघडा वाचता येतात म्हणून जर्मन पेपर कळत नाही तसं.

चिनी माणसाची गंमत पहिल्याच बाजूला सुरू होते. आपण देवनागरीवरून इंग्लिशकडे जातो तेव्हा अक्षर म्हणजे आवाज ही सवय आधीच असते. चिनी लिपीत एक चिन्ह म्हणजे साधारण एक अर्थाचा तुकडा, आवाज त्यात असतो पण अर्धामुर्धा, अंदाजाने, आणि शब्दांच्या मधे जागा सोडत नाहीत, सगळं सलग. २००३ मध्ये वांग, कोदा आणि परफेटी यांनी इंग्लिश शिकणारे चिनी आणि कोरियन लोक समोरासमोर ठेवून बघितले. कोरियन लिपी आपल्यासारखी आवाजाची. काम सोपं होतं, स्क्रीनवरचा शब्द फुलाचं नाव आहे का, हो की नाही सांगा. गुलाबाऐवजी त्याच उच्चाराचा पण 'रांगा' या अर्थाचा शब्द दाखवला (देवनागरीत दोन्ही 'रोझ'च लिहावे लागतात, स्पेलिंग वेगळं) की कोरियन लोक जास्त फसायचे, कारण ते मनात उच्चार करून बघत होते. चिनी लोक जास्त फसायचे कुठे, तर उच्चार वेगळा पण दिसायला सारखा शब्द आला की. म्हणजे ते इंग्लिश शब्दसुद्धा चित्रासारखा बघत होते. आता असा माणूस पेपरमध्ये दोन सारख्या स्पेलिंगच्या शब्दांत घोटाळा करून चुकीचा पर्याय टिक करतो, तर त्याला उतारा कळला नाही असं म्हणायचं का डोळा चुकला असं? मार्क दोन्हीचे सारखेच जातात.

वाक्यरचनेत मात्र चिनी माणूस आणि मराठी माणूस एकाच बाकावरचे. आपण म्हणतो 'मी काल घेतलेलं पुस्तक', चिनीतही असंच, वो त्सुओथिएन माय दे शू, मी-काल-घेतलेलं-पुस्तक, सगळं वर्णन आधी आणि पुस्तक शेवटी. इंग्लिशमध्ये पुस्तक आधी येऊन बसतं आणि मग कुणी घेतलं, कधी घेतलं, कशाला घेतलं अशी शेपटी मागे, शेपटीला अजून शेपटी. लांब वाक्यात चिनी वाचक नेमका इथे हरवतो. त्यात चिनी क्रियापदाला काळाप्रमाणे रूप बदलायची सवय नाही, नामाला अनेकवचनाचा प्रत्यय सहसा नाही, त्यामुळे शब्दाच्या शेपटाला लागलेलं एखादं छोटं अक्षर 'हे होऊन गेलंय' असं सांगतंय हे डोळ्याला दिसलं तरी डोक्यात नोंद होईलच असं नाही.

मग शब्दसंग्रह. मार्सेला हू आणि पॉल नेशन यांनी २००० साली गोष्टीतले काही शब्द मुद्दाम निरर्थक करून टाकले आणि बघितलं की किती शब्द ओळखीचे असले की बिनमदतीने नीट कळतं. उत्तर आलं ९८ टक्क्यांच्या आसपास. ऐकायला ९५ आणि ९८ सारखंच वाटतं ना, पण ३०० शब्दांच्या उताऱ्यात ९५ टक्के म्हणजे १५ शब्द अनोळखी, ९८ टक्के म्हणजे ६. पंधरा खड्डे असलेला रस्ता आणि सहा खड्डे असलेला, गाडी चालवणाऱ्याला विचारा फरक.

आता तपासायचं कसं याकडे येऊ. सगळ्यात स्वस्त म्हणजे चूक की बरोबर. पण दहा प्रश्न असतील आणि उतारा न वाचता नुसतं नाणं उडवून उत्तरं दिली तरी दहापैकी सहा किंवा जास्त बरोबर यायची शक्यता ३८ टक्के! चार पर्याय दिले की तीच शक्यता २ टक्क्यांवर येते, म्हणून सगळे चार पर्यायांवर जातात. पण तिथेही चोरवाटा आहेतच. कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये अमेरिकेतल्या सॅट परीक्षेचे उताऱ्यावरचे प्रश्न मुलांना उतारा न देताच सोडवायला दिले, नुसते प्रश्न आणि पर्याय, तरी मुलांचे मार्क अंदाजपंचेपेक्षा बरेच वर आले. कारण पर्यायच बोलतात. 'नेहमी', 'कधीच नाही' असलं टोकाचं वाक्य बहुतेक चुकीचं, सगळ्यात लांब आणि सावधपणे लिहिलेलं बहुतेक बरोबर, धूम्रपानाबद्दल उतारा असेल तर ते वाईट असंच लेखक म्हणणार. परीक्षा देऊन देऊन घट्ट झालेला विद्यार्थी हे सगळं जाणतो, आणि चीनमधल्या मुलांइतक्या परीक्षा जगात कमी लोकांनी दिल्या असतील.

रिकाम्या जागा भरा हा दुसरा प्रकार, विल्सन टेलर नावाच्या माणसाने १९५३ मध्ये शोधला, म्हणजे त्याचं शास्त्र केलं, ठरावीक अंतराने, समजा दर पाचवा शब्द, उडवायचा आणि वाचणाऱ्याने तो भरायचा. चीनमध्ये हा भलता लोकप्रिय. कॉलेजच्या मुलांची 'चौथा बँड' नावाची देशभर होणारी इंग्लिश परीक्षा आहे, तिच्यात १० गाळलेल्या जागा आणि १५ शब्दांची पेटी असा प्रकार आहे, त्याला ५ टक्के मार्क. दिसायला छान, पण १९८२ मध्ये कुणीतरी खोडी काढली, उताऱ्यातली वाक्यंच उलटीसुलटी करून टाकली, मागचं पुढे, आणि मग रिकाम्या जागा भरायला दिल्या. मार्क तेवढेच आले! म्हणजे पूर्ण उताऱ्याचा अर्थ कुणी लावतच नव्हतं, जागेच्या आजूबाजूचे चार शब्द बघून व्याकरणावर भागत होतं.

प्रश्न कुठल्या भाषेत विचारायचा हाही एक भाग आहे, आणि यावर फार कमी बोललं जातं असं मला वाटतं. एलाना शोहामी यांनी १९८४ मध्ये इस्राएलमध्ये तोच इंग्लिश उतारा देऊन प्रश्न एकदा इंग्लिशमध्ये आणि एकदा हिब्रूमध्ये विचारले. हिब्रू प्रश्नांना मार्क जास्त पडले, आणि इंग्लिश कच्चं असलेल्यांना त्याचा फायदा विशेष. सरळ आहे, इंग्लिश प्रश्न म्हणजे अजून एक छोटा उतारा झाला. मूळ उतारा कळलाय पण प्रश्न कळला नाही असा विद्यार्थी नापास होतो आणि आपण म्हणतो वाचन कच्चं. बँकेतल्या त्या माणसाला चिनीत प्रश्न विचारले तर काय बिघडतं? मला तरी काही बिघडताना दिसत नाही, पण परीक्षा इंग्लिशची आणि प्रश्न चिनीत म्हटलं की लोकांना ती सवलत वाटते.

दूरशिक्षणात याच्यावर अजून एक थर चढतो. कॉम्प्युटरवर घ्यायची परीक्षा, प्रत्येकाला प्रश्नपेढीतून वेगवेगळा पेपर. विद्यार्थी काय करतात, तर प्रश्नपेढीच पाठ करतात, चिनीत त्याला शब्द आहे, पेई थीखू, पेढी पाठ करणे, आपल्याकडे अपेक्षितचं गाइड घोकतात तसं. उताऱ्याची पहिली ओळ दिसली की तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर क हे माहीत. यात वाचन किती आणि पाठांतर किती? दुसऱ्याला पेपरला बसवायचा उद्योग वेगळाच, आपण त्याला डमी म्हणतो, तिकडे छियांगशौ म्हणजे बंदूकवाला म्हणतात, भाड्याने आणलेला. २०१५ च्या नोव्हेंबरपासून कायद्याने ठरवलेल्या राष्ट्रीय परीक्षांत अशी कॉपी संघटितपणे घडवून आणली तर सात वर्षांपर्यंत तुरुंग आहे. म्हणून केंद्रावर बोलवा, चेहरा तपासा, कॅमेरा लावा. या सगळ्यातून पेपर देणारा माणूस तोच आहे एवढं नक्की होतं, त्याला काय कळलं ते होत नाही.

कॉम्प्युटर एक जास्तीची गोष्ट मात्र देऊ शकतो, कुणी कुठल्या प्रश्नावर किती सेकंद घालवले. २०० शब्दांचा उतारा आणि चार सेकंदात बरोबर उत्तर म्हणजे पाठांतर नाहीतर तुक्का, एवढं तर कळतं. पण घरी सोडवायच्या सरावात तीन मिनिटं लागली तर? विचार केला असेल, डिक्शनरी बघितली असेल, नाहीतर पोरगं उठलं असेल झोपेतून.

त्यातल्या त्यात मला पटते ती सगळ्यात जुनाट वाटणारी पद्धत. उतारा वाचायचा, झाकून ठेवायचा, आणि आठवेल ते आपल्या भाषेत लिहायचं. पर्याय नाहीत, खाणाखुणा नाहीत, कुठे हरवला ते जागच्या जागी दिसतं. लाखो विद्यार्थ्यांचं असं लिखाण तपासायला माणसं कुठून आणायची हा प्रश्न खराच आहे, आणि म्हणूनच पॅमवर चार पर्यायांचा प्रश्न येतो. समजा आलाच, की नवरीने काय घातलं होतं: अ) नवीन ड्रेस, ब) आईचा ड्रेस, क) आजीचा जुना ड्रेस, ड) मैत्रिणीचा ड्रेस. फॅशन गेलेला म्हणणारा तो भारतीय वाचक क वर टिक करणार आणि पैकीच्या पैकी मार्क घेऊन जाणार.