लाइन वाढवली तरी फाइल उघडेना

नवी मुंबईत महापे-ऐरोलीच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात कारखान्यांच्या शेजारी आयटीची ऑफिसं उभी राहिली, तेव्हा परदेशी सर्व्हरवर काम करणाऱ्यांची एकच तक्रार असायची: नेट स्लो आहे. उपायही ठरलेला, लीज्ड लाइन (भाड्यानं घेतलेली खास लाइन) वाढवा. लाइन वाढायची, बिल वाढायचं, फाइल मात्र तशीच रखडत उघडायची.

दुखणं अंतराचं होतं. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत साधारण १२,५०० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन किमान १२५ मिलिसेकंद. केबलची वळणं धरली की २०० च्या आसपास. त्यात टीसीपी या डेटा पोचवण्याच्या नियमावलीच्या १९८१ च्या मानकानुसार पोच येईपर्यंत जास्तीत जास्त ६४ केबी पाठवता येत. हिशेब केला तर एका कनेक्शनला जेमतेम अडीच एमबीपीएस, लाइन कितीही मोठी असो. ही मर्यादा वाढवण्याची सोय १९९२ मध्ये आली, पण ती दोन्ही टोकांच्या मशिनना यायला हवी.

विंडोजचं जुनं फाइल शेअरिंग (एसएमबी) तर फारच बडबडं. लॅनसाठी, म्हणजे एकाच ऑफिसातल्या नेटवर्कसाठी घडलेलं, त्यामुळे एक तुकडा मागायचा, थांबायचं, मग पुढचा. हजार फेऱ्या झाल्या की २०० सेकंद गेले. तेवढ्यात खाली जाऊन कटिंग मारून येता यायचं, आणि आम्ही यायचोही.

२००० मध्ये नील स्प्रिंग आणि डेव्हिड वेदरॉल यांनी तेच तेच बाइट ओळखून त्यांच्या जागी छोटी खूण पाठवण्याची पद्धत मांडली. २००४ मध्ये रिव्हरबेड कंपनीचा स्टीलहेड आला, हीच युक्ती वापरणारी पेटी. त्याच वर्षी सिस्कोनं अ‍ॅक्टोना घेतली, त्यातून पुढे वास (WAAS) हे तसंच उत्पादन आलं. दोन टोकांना दोन पेट्या, मधली बडबड त्या गिळणार.

पण पेटीला काय गिळायचं ते सांगावं लागतं, आणि पॉलिसी, म्हणजे कोणत्या डेटाला काय करायचं याचे नियम, लागते ती इथे. फाइल शेअरिंगला सगळे उपाय लावा. एसएसएचला (दूरच्या मशिनवरचं सुरक्षित लॉगिन) हात लावू नका, कारण एनक्रिप्ट, म्हणजे सांकेतिक झालेल्या डेटात पुनरावृत्ती सापडतच नाही. पोचेची वाट न पाहणाऱ्या यूडीपीवरच्या व्हॉइसला टीसीपीच्या युक्त्या चालत नाहीत. स्टीलहेडमध्ये नियम वरून खाली वाचले जातात, पहिला जुळला की पुढचे कोण बघतो! मी एकदा बॅकअपचा नियम 'बाकी सगळं तसंच जाऊ द्या' या ओळीखाली टाकला होता. सकाळी रिपोर्टमध्ये बचत शून्य, बॅकअप निम्म्यावर, आणि तिकडून फोन सुरू.

व्हिस्टासोबत आलेल्या एसएमबी २ नं बडबड बरीच कमी केली. मग सगळीकडे एचटीटीपीएस, म्हणजे एनक्रिप्ट केलेलं वेब आलं, अ‍ॅप्लिकेशनं क्लाउडवर गेली, आणि पलीकडच्या टोकाला आपली पेटी ठेवायला जागा उरली नाही. आता एसडी-वॅनच्या (ऑफिसांमधल्या अनेक लिंक सॉफ्टवेअरनं सांभाळणारी पद्धत) पॉलिसीत बहुतेक वेळा विचारायचं ते इतकंच, की हे अ‍ॅप्लिकेशन कोणत्या लिंकनं पाठवू. निदान इथल्या डेटा सेंटरमधल्या फायलींना तरी ठाण्याची खाडीसुद्धा ओलांडावी लागत नाही.