चल्टच्या जंगलात चिलखत: उष्म्याचा नियम वेगळा, तहानेचा वेगळा

आमच्या रविवारच्या डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या (फाशांवर खेळायच्या भूमिकांच्या खेळाच्या) टेबलावर मैत्रिणीच्या पॅलाडिनचा, म्हणजे तिच्या चिलखती योद्धा पात्राचा, जीव माझ्या चुकीमुळे गेला. खेळातल्या चल्ट या जंगली प्रदेशातलं पोर्ट न्यांझारू शहर सोडून तिसरा दिवस होता. सकाळपासून पावसाची रिपरिप चालू होती आणि पार्टी नदीकाठाने चालली होती. पॅलाडिनच्या अंगात चेन मेल (साखळ्यांचं जड चिलखत), म्हणून डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, या नात्याने मी दर तासाला तिच्याकडून कॉन्स्टिट्यूशनचा (काटकपणाचा) सेव्हिंग थ्रो, म्हणजे संकटातून वाचायला टाकायचा वीस बाजूंचा फासा, मागत होतो, तोही दोन फासे टाकून कमी आकडा धरायच्या डिसअ‍ॅडव्हान्टेजने. दिवस मावळेपर्यंत ती एक्झॉशनच्या (थकव्याच्या) तिसऱ्या पायरीवर पोचली. रात्री हल्ला झाला तेव्हा वारसुद्धा डिसअ‍ॅडव्हान्टेजने करावे लागले. चौथ्या फेरीत ती पडली, ती उठलीच नाही.

घरी येऊन मी नियम पुन्हा वाचला. मैत्रिणीच्या कॅरेक्टर शीटवर पेन्सिलीने लिहिलेलं होतं: पाणपिशव्या, चार, भरलेल्या. त्या दिवसाचा एकही थ्रो मागायला नको होता.

ही चूक मी पुढे इतरांच्या टेबलांवरही पाहिली. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत (२०१४ च्या पुस्तकांत), आणि खास करून चल्टमध्ये घडणाऱ्या २०१७ च्या साहसाच्या पुस्तकात, ‘टूम ऑफ अ‍ॅनिहिलेशन’मध्ये, उन्हाशी संबंधित दोन नियम आहेत. दोन्हींत कॉन्स्टिट्यूशन सेव्ह आहे, दोन्हींत एक्झॉशन आहे, दोन्हींत जड चिलखताला डिसअ‍ॅडव्हान्टेज आहे. म्हणून डोक्यात त्यांची खिचडी होते आणि ‘चिलखत घातलं की माणूस दमतो’ असा तिसराच, कुठेही न लिहिलेला नियम तयार होतो.

पहिला नियम उष्म्याचा, म्हणजे एक्स्ट्रीम हीट. तो डन्जन मास्टर्स गाइडमधला आहे. तापमान १०० अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण ३८ सेल्सियस किंवा त्याहून जास्त असेल आणि जवळ पिण्याचं पाणी नसेल, तर दर तासाच्या शेवटी सेव्ह करायचा. पहिल्या तासाला डीसी (फाशाने गाठायचा आकडा) ५, मग प्रत्येक तासाला एकाने वाढत जातो. चुकलात की एक्झॉशनची एक पायरी. मध्यम किंवा जड चिलखत, नाहीतर जाडजूड कपडे अंगात असतील तर डिसअ‍ॅडव्हान्टेज.

यातल्या ‘जवळ पिण्याचं पाणी नसेल’ या अटीवरून नजर घसरते. पाणी हाताशी असेल तर हा नियम लागूच होत नाही, मग अंगात लंगोटी असो की प्लेट. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो, तरी माणसं पाण्याची बाटली जवळ ठेवून कामं उरकतात. नियमामागचा विचार तोच आहे.

दुसरा नियम तहानेचा. त्याला तापमानाच्या आकड्याशी आणि तासांशी देणंघेणं नाही, तो दिवसाचा हिशेब मागतो. प्लेयर्स हँडबुकप्रमाणे माणसाला रोज एक गॅलन पाणी लागतं, उष्ण हवेत दोन. चल्टमध्ये दोनच धरायचं. दोन गॅलन म्हणजे सुमारे साडेसात लिटर, घरातली अर्धी बादली. त्यातलं निम्मंच मिळालं तर दिवसाअखेर डीसी १५ चा सेव्ह, आणि चल्टमध्ये मध्यम किंवा जड चिलखतवाल्याला तो डिसअ‍ॅडव्हान्टेजने. निम्म्याहूनही कमी मिळालं तर सेव्हच नाही, थेट एक पायरी. अंगावर आधीच एक्झॉशन असेल तर एकाऐवजी दोन.

आता दोन्ही एकाच पात्रावर लावून बघा. कॉन्स्टिट्यूशन सेव्हच्या फाशात +२ मिळवणारा पॅलाडिन घ्या, कारण पॅलाडिनला या सेव्हची प्रोफिशियन्सी (प्रावीण्याची भर) नसते. उष्म्याच्या नियमात पहिल्या तासाला तो चुकण्याची शक्यता १० टक्के, चेन मेलमध्ये १९. आठव्या तासाला डीसी १२ झालेला असतो. तिथे चिलखताविना ४५ टक्के, चिलखतात जवळजवळ ७०. तहानेच्या नियमात एकच फासा, पण तो डीसी १५ चा: चिलखताविना चुकण्याची शक्यता ६० टक्के, चिलखतात ८४. म्हणजे निम्म्या पाण्यावर दिवस काढणारा चिलखतवाला जवळपास बुडालाच. त्याच टेबलावर कॉन्स्टिट्यूशन १६ चा फायटर (योद्धा) +५ घेऊन बसला असेल, तर उष्म्याचे पहिले दोन तास तो चुकूच शकत नाही, चिलखत असो वा नसो.

फरक सगळ्यात लख्ख दिसतो टीफलिंगच्या (सैतानी वंशाच्या पात्रांच्या) बाबतीत. त्यांना आगीचा रेझिस्टन्स असतो (आगीचा मार निम्मा बसतो), म्हणून उष्म्याचा सेव्ह ते आपोआप पास होतात. लाल किंवा सोनेरी वंशाच्या ड्रॅगनबॉर्नचंही (ड्रॅगनसारख्या पात्रांचंही) तसंच. खेळाडू इथे खूश होतो आणि पाणी कमी बाळगतो. पण तहानेच्या नियमात आगीच्या रेझिस्टन्सला कुठेही सूट नाही. दोन गॅलन त्यालाही प्यावंच लागतं. एखादं टेबल हे दोन नियम वेगळे ठेवतं की नाही, ते मी या एका प्रश्नावरून ओळखतो.

एक्झॉशन इतकं जिवावर का बेतावं, तेही सांगतो. २०१४ च्या नियमांत सहा पायऱ्या आहेत. पहिलीवर अ‍ॅबिलिटी चेकला डिसअ‍ॅडव्हान्टेज, दुसरीवर वेग निम्मा, तिसरीवर हल्ले आणि सेव्ह दोन्हींना डिसअ‍ॅडव्हान्टेज. हे तिसरं फार वाईट, कारण पुढचा उष्म्याचा सेव्हही त्यातच आला. मग चिलखत उतरवूनही फायदा होत नाही. चौथीवर कमाल हिट पॉइंट (जीव) निम्मे, पाचवीवर वेग शून्य, सहावीवर मरण. लाँग रेस्टने (रात्रभराच्या विश्रांतीने) एकच पायरी उतरते, आणि तीही पोटात थोडं अन्नपाणी गेलं असेल तरच. पाणी संपलं की चढणं चालू आणि उतरणं बंद. २०२४ च्या आवृत्तीत दर पायरीला डी-ट्वेंटीच्या फाशातून २ वजा आणि वेगातून ५ फूट वजा असा सरळ हिशेब आहे, मरण मात्र सहाव्याच पायरीवर.

मग चिलखत घालावं का? माझं उत्तर: पाणी असेल तर बिनधास्त घाला. चेन मेलचा एसी (वार अडवण्याचा आकडा) १६ चल्टमधल्या डायनासोरांसमोर सोडून देण्यासारखा नाही. पाणी कमी पडू लागलं तर दिवस संपायच्या आत विचार करा. जड चिलखत काढायला ५ मिनिटं लागतात आणि चढवायला १०, मध्यमचं अनुक्रमे १ आणि ५. हल्ला झाल्यावर चढवायला वेळ मिळत नाही, हे धरूनच चाला.

चिलखताचा प्रकार नावावरून ठरवू नका, तक्त्यावरून ठरवा. कातड्याचं हाइड आर्मर हलकं वाटतं, वजनही १२ पौंडच, पण ते मध्यम आहे, म्हणून त्याला डिसअ‍ॅडव्हान्टेज. स्टडेड लेदर १३ पौंडांचं असून हलक्यात मोडतं, त्याला काही नाही. मिथ्रल या काल्पनिक हलक्या धातूचं ब्रेस्टप्लेट घेऊन खेळाडू हमखास वाद घालतो. मिथ्रलमुळे लपण्याचा डिसअ‍ॅडव्हान्टेज आणि ताकदीची अट जाते, पण चिलखताचा वर्ग मध्यमच राहतो. कापूस भरलेलं पॅडेड आर्मर हलकं आहे. सोळाव्या शतकात मेक्सिकोत उतरलेल्या स्पॅनिश सैनिकांपैकी अनेकांनी तिथल्या लोकांची कापसाची चिलखतं अंगीकारली होती, त्यामुळे जंगलात ते घालणारा फायटर मला अगदी पटतो.

कुणी म्हणेल, दमट हवेत घाम वाळत नाही, तेव्हा पाणी पिऊनही चिलखतात जीव घाबरा व्हायलाच हवा. शरीरापुरतं हे खरं आहे, कोकणातला मे ज्याने अनुभवला त्याला सांगायला नको. तरीही मी तसा घरगुती नियम लावत नाही. त्याची किंमत रोज फक्त फायटर आणि पॅलाडिन मोजतात, रोग (चोरट्या वर्गाचं पात्र) आणि विझर्ड (जादूगार) नाही.

माझ्या मते खरा खेळ पाण्याच्या ओझ्यात आहे. एका पाणपिशवीत अर्धा गॅलन मावतं आणि भरलेली पिशवी ५ पौंडांची होते. म्हणजे माणशी दिवसाला चार पिशव्या, २० पौंड. चेन मेलचे ५५ पौंड आधीच पाठीवर असलेल्याला हे जाणवतं. क्लेरिक किंवा ड्रुइडच्या (मंत्र टाकणाऱ्या पात्रांच्या) पहिल्या पातळीच्या ‘क्रिएट ऑर डिस्ट्रॉय वॉटर’ मंत्राने १० गॅलन मिळतं, बरोबर पाच जणांचा एक दिवस, मंत्राचा एक स्लॉट खर्चून. पोर्ट न्यांझारूत पावसाचं पाणी धरायचं रेन कॅचर मिळतं, ते घ्याच. नदीचं पाणी मात्र तसंच पिऊ नका. त्यात थ्रोट लीच नावाचे बारीक परजीवी असतात आणि त्यांच्यामुळेही एक्झॉशनच चढतं. पाणी उकळा किंवा ‘प्युरिफाय फूड अँड ड्रिंक’ हा मंत्र टाका.

मैत्रिणीने नवीन पॅलाडिन आणली आहे, पुन्हा चेन मेलमध्येच. आता टेबलाच्या मधोमध एक कागद असतो, त्यावर प्रत्येकाच्या नावापुढे चार चौकोन. पाणी प्यायलं की एक खोडायचा. दिवसाअखेर मी आधी तो कागद बघतो, आणि तिचे चारही खोडलेले असले तर फासा मागत नाही.