संगणकातील अवचित बिघाड (जुनी यंत्रे)

चालता संगणक निळा पडदा दाखवून थांबणे, आपोआप पुन्हा सुरू होणे किंवा माऊससकट गोठणे आणि संदेशावरून कारणाचा पत्ता न लागणे, असा दोषसमूह. दुरुस्तीच्या बोलीत ‘हँग होतो’, ‘रीस्टार्ट मारतो’.

पडद्यावर ज्या ड्रायव्हरचे (एखादे कार्ड वा उपकरण चालवणाऱ्या प्रणालीचे) नाव येते तो पुष्कळदा दोषाचा बळी असतो, उगम नव्हे. रॅममधला एखादा बिट उलटला की त्या जागेवरची माहिती वापरणारा ड्रायव्हर कोसळतो आणि आळ त्याच्यावर येतो. म्हणून एकच पडदा पाहून निदान करू नये. विंडोज प्रत्येक बिघाडाची नोंद ‘मिनीडंप’ फोल्डरात ठेवते, तिथल्या चार-पाच नोंदी ताडून पाहाव्यात. दर वेळी तेच नाव आले तर ड्रायव्हर किंवा त्याचे कार्ड संशयित. नाव आणि संकेतांक (निळ्या पडद्यावरचा दोषाचा क्रमांक) दोन्ही बदलत राहिले तर आधी रॅम आणि वीजपुरवठा तपासावा. संकेतांक १२४ हा प्रोसेसर वा बोर्डाने स्वतः नोंदवलेला हार्डवेअर दोष असतो. ११६ म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर ठरल्या वेळात (मूळ मांडणीत २ सेकंद) सावरला नाही. कार्ड तापल्यानेही तो येतो.

फुगलेले कपॅसिटर (विजेचा पुरवठा स्थिर राखणाऱ्या छोट्या डब्या) : साधारणतः १९९९ ते २००७ या काळातल्या मदरबोर्डांत व एसएमपीएसमध्ये (संगणकाला वीज पुरवणाऱ्या पेटीत) हा दोष मोठ्या प्रमाणावर आढळतो, दोन्ही टोकांची वर्षे ढोबळ मानावीत. उगमाबद्दल दोन मते आहेत. २००२-०३ च्या सुमारास पसरलेल्या वृत्तांनुसार जपानी इलेक्ट्रोलाइटचे (कपॅसिटरमधल्या वाहक द्रवाचे) सूत्र चोरीने, तेही अपुरे, तैवानच्या उत्पादकांकडे पोचले. दुसरे मत रसायनाकडे बोट दाखवते : अंतर्गत रोध कमी ठेवण्यासाठी इलेक्ट्रोलाइटमध्ये पाण्याचे प्रमाण वाढवले गेले, पण अ‍ॅल्युमिनियमला पाण्यापासून वाचवणारी निरोधक द्रव्ये अपुरी पडली, त्यातून हायड्रोजन साठला आणि डबी फुगली. चोरीची कथा सिद्ध झालेली नाही. सदोष नमुन्यांच्या परीक्षणाशी दुसरे मत अधिक जुळते.

बाधित कपॅसिटरची धारकता घटते, रोध वाढतो आणि प्रोसेसरला मिळणारा विद्युतदाब थरथरतो. सकाळी तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नाला सुरू होणारे आणि एकदा तापल्यावर दिवसभर नीट चालणारे यंत्र हे याचे ओळखीचे लक्षण. मल्टिमीटर इथे फसवतो. तो सरासरी दाब दाखवतो, त्यामुळे १२ व्होल्टची वाहिनी ११.४ ते १२.६ आणि ५ ची ४.७५ ते ५.२५ या मर्यादेत दिसते. तरंग, म्हणजे दाबातला वेगवान चढउतार, मात्र १२ वर १२० आणि ५ वर ५० मिलिव्होल्टच्या पुढे गेलेला असू शकतो. तो ऑसिलोस्कोपवरच (दाबाचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावरच) दिसतो. ऑसिलोस्कोप नसेल तर खात्रीचा दुसरा एसएमपीएस जोडून पाहणे हाच सरळ मार्ग.

बदलताना धारकता तीच, व्होल्टेज तेवढेच वा जास्त, १०५ अंश सेल्सिअसपर्यंत टिकणारा आणि कमी रोधाचा कपॅसिटर घ्यावा. डबीवरची पट्टी ऋण टोकाची असते. बोर्डावर छापलेली खूण मात्र काही बनावटींत उलटी असते, म्हणून जुना काढण्याआधी फोटो घ्यावा. एसएमपीएसमधील मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही सुमारे ३२५ व्होल्ट धरून असू शकतो. सराव नसलेल्याने ती पेटी उघडूच नये.

मुंबईतील परिस्थिती : खारी हवा आणि पावसाळी दमटपणा यांमुळे रॅम व कार्डांच्या संपर्कपट्ट्यांवर थर धरतो, रॅम नुसती काढून परत बसवल्यावर यंत्र चालू लागते ते यामुळेच. ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर (डॉ. भडकमकर मार्ग) पट्ट्या खोडरबराने घासण्याची रीत रूढ आहे. रबर मऊ, पांढराच हवा. खरखरीत रबराने सोन्याचा पातळ मुलामा निघतो आणि पुढच्या पावसात दोष दुणावतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा अधिक बरा. अर्थिंग नसलेल्या जुन्या चाळींत कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येतात : एसएमपीएसच्या फिल्टरमुळे कॅबिनेटवर घरगुती विजेच्या अर्धा, म्हणजे सुमारे ११५ व्होल्ट दाब येतो. प्रवाह अल्प असतो, पण यूएसबी व ध्वनिकार्डाचे विचित्र दोष त्यातून उद्भवू शकतात.

तपासणी : रॅम एकेक पट्टी एकाच स्लॉटमध्ये घालून मेमटेस्ट या रॅम-चाचणी प्रणालीने रात्रभर तपासावी, एकही चूक आली तरी पट्टी बाद. मात्र दुसरी पट्टीही त्याच स्लॉटमध्ये चुकली तर दोष स्लॉटचा किंवा बोर्डाचा. हार्ड डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या ज्या ‘स्मार्ट’ नोंदी ठेवते त्यांत क्रमांक ५ व १९७ (बदललेले आणि संशयित सेक्टर) वाढत असतील तर डिस्क खराब. फक्त १९९ (केबलवरून माहिती जाताना झालेल्या चुका) वाढत असेल तर आधी केबल बदलावी. हे सारे निर्दोष निघाल्यावरच ड्रायव्हर व्हेरिफायर (ड्रायव्हरांवर ताण देऊन सदोष ड्रायव्हर उघड करणारे विंडोजचे साधन) लावावा, तोही मायक्रोसॉफ्टेतर ड्रायव्हरांपुरता. यंत्र सुरूच होईना तर सेफ मोडमध्ये जाऊन तो रीसेट करावा.

लॅपटॉपमध्ये हाच क्रम लागू पडतो, फक्त वाळलेली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर पोचवणारा लेप) आणि धुळीने बुजलेला पंखा आधी पाहावा.